महिन्याच्या बोलीवर घेतलेली हॉटेलची खोली

नाशिकमध्ये एका रात्रीसाठी खोली मिळते आणि वर्षभरासाठी फ्लॅटही मिळतो. पंचाईत होते ती महिना-दीड महिना राहायचे असते तेव्हा. घरमालक लिव्ह अँड लायसन्सचा करार साधारणपणे ११ महिन्यांचा करतात, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे तो नोंदवावा लागतो, शिवाय डिपॉझिट, एजंटची दलाली आणि पोलीस पडताळणी हे आलेच. एवढा खटाटोप महिन्याभराच्या भाडेकरूसाठी कोणी करत नाही. म्हणूनच ‘सर्व्हिस्ड अपार्टमेंट’, ‘एक्स्टेंडेड स्टे’, ‘लाँग स्टे स्वीट’ अशा पाट्या शहरात दिसू लागल्या आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशिनरी बसवायला आलेले इंजिनिअर, ओझरला कामानिमित्त येणारे लोक, धुळे-जळगाव-नंदुरबारकडून उपचारांसाठी आलेल्या रुग्णांचे नातेवाईक, आणि आता २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी येणारी माणसे, असे या जागांचे गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक नक्की आहे, गरजही खरी आहे. ती भागवण्याची तयारी मात्र आम्ही जिथे राहिलो तिथे नव्हती, आणि ती का नव्हती याचा विचार मी अजून करते आहे.

आम्ही गेलो जानेवारीत, आईच्या गुडघ्याच्या सांधेबदलासाठी. धुळ्याहून नाशिक सुमारे दीडशे किलोमीटर. शस्त्रक्रियेनंतर टाके काढणे, ड्रेसिंग आणि फिजिओथेरपी यांसाठी गाडीत बसून ये-जा करणे शक्य नव्हते, तेव्हा महिनाभर इथेच राहा असे डॉक्टरांनी सांगितले. मामेभावाचे घर पंचवटीत आहे, पण जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आणि बिनलिफ्टचे. मग मुंबई नाक्याच्या बाजूला, हॉस्पिटलपासून रिक्षाने पाच-सात मिनिटांवर असलेले एक हॉटेल ठरवले. ‘घरासारखा दीर्घ मुक्काम’ असे त्यांच्या पानावर लिहिले होते आणि किचनेट, वॉशिंग मशीन, लिफ्ट, पॉवर बॅकअप, मासिक सवलतीचा दर या सगळ्यांपुढे हिरव्या खुणा होत्या. मी फोन करून एकेक गोष्ट विचारली होती आणि प्रत्येकीचे उत्तर ‘हो मॅडम, आहे’ असेच आले होते. ते उत्तर खोटे नव्हते, एवढे त्यांच्या बाजूने म्हणावे लागेल. लिफ्ट होती, ती तळमजल्यापासून नव्हे, पाच पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होत होती. पॉवर बॅकअप होता. तो दिव्यांना होता, लिफ्टला नव्हता. आईला पहिल्या दिवशी त्या पाच पायऱ्या वॉचमन आणि रिक्षावाल्या दादांनी खुर्चीत बसवून चढवल्या, आणि फिजिओथेरपिस्टने जिना चढण्याचा व्यायाम सुरू करायच्या आधीच तिचा तो व्यायाम आमच्या हॉटेलात सुरू झाला.

खोली पाहताक्षणी चांगली वाटली, हेही नमूद केले पाहिजे. चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या, गादी पुरेशी उंच होती, कमोड पाश्चात्त्य पद्धतीचा होता आणि बाथरूमचा उंबरा अगदीच चार बोटांचा होता. एका रात्रीच्या पाहुण्याने यावे, झोपावे, सकाळी पोहे खाऊन त्र्यंबकेश्वरला जावे आणि पाच तारे देऊन मोकळे व्हावे, अशीच ती खोली होती. मी स्वतः अशा खोल्यांना पाच तारे दिलेले आहेत. पण ज्या गोष्टी एका रात्रीत कळतच नाहीत त्याच गोष्टींवर महिन्याचा मुक्काम चालतो, आणि त्या कळायला आठवडा जावा लागतो.

किचनेटचे उदाहरण घेते, कारण आम्ही ही जागा घेतली ती मुळात त्यासाठीच. खिडकीखाली काळ्या दगडाचा दोन फुटांचा ओटा, त्यावर एक शेगडीचे इंडक्शन, वर कपाट, कपाटात भांडी. पहिल्या संध्याकाळी मी खिचडी टाकायला कुकर चढवला, तर इंडक्शन तीन वेळा पिपाणी वाजवून बंद पडले. पुन्हा लावले, पुन्हा बंद. कढई ठेवून पाहिली, तेच. शेवटी फ्रिजवर हॉटेलच्या मेनूकार्डाला धरून ठेवणारे एक चुंबक होते, ते काढून कुकरच्या बुडाला लावले. ते सरळ घसरून खाली पडले. सगळी भांडी ॲल्युमिनियमची होती. इंडक्शनवर चालते ते चुंबक धरणाऱ्या बुडाचे भांडे, म्हणजे लोखंडाचे किंवा त्यासाठी खास बूड लावलेल्या स्टीलचे; नुसते ॲल्युमिनियम, तांबे, पितळ त्यावर तापत नाही. याचा अर्थ उघड होता: ही खोली सजवल्यापासून या ओट्यावर कोणीही काहीही शिजवलेले नव्हते, आणि मालकापासून व्यवस्थापकापर्यंत कोणी तसे करून पाहिलेही नव्हते. फोटोत मात्र ती कढई फार छान दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी भांडी बाजारात गेले. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या गावात हातात चुंबक घेऊन दुकानादुकानांतून भांड्यांची बुडे तपासत फिरणारी बाई पाहून एका दुकानदार काकांना हसू आवरेना. त्यांनीच मग इंडक्शनचा तीन लिटरचा कुकर, लोखंडी तवा आणि एक स्टीलचे पातेले काढून दिले आणि ‘ताई, हॉटेलात राहून संसार मांडताय होय?’ असे विचारले. तसेच होते ते.

तवा आला म्हणून भाकरी झाली असे नाही. आई खानदेशी, तिला आजारपणात कळण्याची भाकरी आणि मुगाचे वरण हवे असते. इंडक्शनच्या तव्यावर भाकरी भाजता येते, पण ज्वाळेवर टाकून फुगवता येत नाही, तेव्हा ती जरा निबर होते. तिने तेही चालवून घेतले असते. प्रश्न फोडणीचा आला. ओट्याच्या वरच छताला धुराचा सेन्सर होता, एक्झॉस्ट फॅन नव्हता आणि खिडकी उघडत नव्हती, कारण ती काच कायमची बसवलेली होती. मोहरी तडतडली, लसूण पडला आणि खोलीत जो कर्कश आवाज सुरू झाला तो बंद करायला दोन पोरे धावत आली. त्यानंतर कपाटाच्या दारावर एक छापील सूचना चिकटवली गेली: ‘पाहुण्यांनी कृपया फोडणी, तळण व उग्र वासाचे पदार्थ करू नयेत.’ सेन्सर असायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मराठी माणसाला स्वयंपाकघर देऊन फोडणीला बंदी करणाऱ्यांनी त्या ओट्याला चहाची टपरी म्हणावे आणि त्याप्रमाणे भाडे घ्यावे. शिवाय जानेवारीच्या थंडीत हीटर लावलेला असताना इंडक्शन सुरू केले की एमसीबी पडे. दोन्ही उपकरणे दोन-दोन हजार वॅटची होती आणि खोलीचे वायरिंग टीव्ही नि पंख्याच्या हिशोबाने केलेले होते. एमसीबीची पेटी बाहेर कॉरिडॉरमध्ये कुलपात होती आणि तिची किल्ली इलेक्ट्रिशियनकडे असे, जो संध्याकाळी सहाला घरी जाई.

बर्फाची गोष्ट त्याहून लागली. या शस्त्रक्रियेनंतर व्यायाम झाला की सुजेवर बर्फाचा शेक द्यायचा असतो, दिवसातून तीन-चार वेळा. त्यासाठीच्या जेलच्या पिशव्या आम्ही आणलेल्या होत्या. खोलीतला फ्रिज मात्र मिनीबारचा होता. असल्या फ्रिजमध्ये बहुधा कॉम्प्रेसर नसतो, पाहुण्यांची झोपमोड होऊ नये म्हणून ते मुद्दाम बिनआवाजाचे घेतात. पाण्याची बाटली त्यांत गार होते, पण काहीही गोठत नाही. दूधसुद्धा तिसऱ्या दिवशी संशयास्पद होई. सुरुवातीला रेस्टॉरंटमधून बादलीभर बर्फ विनातक्रार येत होता. आठवड्याने ‘मॅडम, बर्फ बारसाठी असतो, बार बंद असल्यावर मिळणार नाही’ असे उत्तर आले. बार सुरू होणार दुपारनंतर, आणि आईचा पहिला शेक सकाळी दहाचा. शेवटी हॉटेलसमोरच्या मेडिकलवाल्या दादांनी त्यांच्या फ्रीजरमध्ये आमच्या दोन पिशव्या ठेवायला परवानगी दिली, एक पैसाही न घेता. रोज सकाळी मी रस्ता ओलांडून बर्फ आणायला जात असे आणि खाली रिसेप्शनवर ‘घरासारखा दीर्घ मुक्काम’ हा बोर्ड वाचून पुढे होत असे.

गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. छतावर सोलर होते. आदल्या दिवशीच्या उन्हाने तापलेले पाणी पहाटेपासून सगळ्या खोल्या वापरणार आणि साडेनऊला नळातून कोमट धार येणार, हे कोणालाही समजण्यासारखे आहे. पर्यटकाला ते चालते, कारण तो आठला अंघोळ करून बाहेर पडतो. आईचे अंग पुसण्याची वेळ मात्र फिजिओथेरपी उरकल्यावर, म्हणजे अकराच्या पुढे. नाशिकची जानेवारीतली थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना यापुढे सांगायला नको. बाथरूममध्ये वेगळा गीझर बसवता येईल का, असे विचारले तर ‘सेंट्रलाइज्ड सिस्टम आहे’ असे अभिमानाने सांगण्यात आले.

खालच्या मजल्यावर वॉशिंग मशीन होते आणि त्यावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी होती. चिठ्ठीचा कागद पिवळा पडला होता. मग कपडे हॉटेलच्या लाँड्रीत, नगावर. आजारी माणसाचे रोजचे दोन गाऊन, पंचे, चादरीचे तुकडे यांचे नगावर पैसे द्यायचे म्हणजे काय होते याचा हिशोब बायकांना चटकन कळेल.

आता त्या शुक्रवारविषयी. मुंबईपासून जवळ असल्यामुळे नाशिकला शनिवार-रविवारी द्राक्षमळे आणि वायनरी पाहायला येणाऱ्यांची गर्दी असते, त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळीसारख्या तीन दिवसांच्या विधीसाठी येणारी कुटुंबे असतात, त्यात लग्नसराई. शुक्रवारी दुपारी व्यवस्थापक साहेब स्वतः वर आले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, ‘मॅडम, तुमचा मजला एका लग्नाच्या ग्रुपला पूर्ण हवा आहे. दोनच रात्रींसाठी तुम्हाला चौथ्या मजल्यावर शिफ्ट केले तर? सामान आमची पोरे उचलतील.’ मी आईच्या वॉकरकडे बोट दाखवले. ते म्हणाले, ‘आजींना व्हीलचेअर देऊ ना.’ चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ओटा नव्हता आणि बाथरूममध्ये आत उतरायला पायरी होती, हे मी आधीच पाहून ठेवले होते. मी नाही म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण ‘मॅडम, तुमचा रेट मंथली आहे, वीकेंडला आमचा याच रूमचा रेट दुप्पट असतो’ हे वाक्य त्यांनी उच्चारले, आणि आमची खरी जागा कोणती हे मला त्या वाक्यात कळले. सवलतीचा दर म्हणजे दीर्घ मुक्कामाचा मोबदला नव्हता. रिकाम्या सोमवार ते गुरुवारची ती सोय होती आणि आम्ही शुक्रवारी तिथून उठत नव्हतो, हीच त्यांची अडचण होती. खोली सोडली नाही, पण त्या दोन रात्री मजल्यावर हळदीची गाणी रात्री दोनपर्यंत चालली. लग्नघरात गाणी होणारच, त्या मंडळींना मी दोष देत नाही. त्यांतल्या एका मावशींनी तर सकाळी आईसाठी लाडू आणून दिले.

रविवारचा प्रसंग त्याहून बोलका होता. हॉस्पिटलमधून परत येऊन आम्ही दारापाशी पोचलो आणि कार्ड लावले तर कुलपावर लाल दिवा. दुसरे कार्ड, लाल दिवा. आई वॉकर धरून उभी, ऑपरेशनचा पाय हलका थरथरतो आहे, कॉरिडॉरमध्ये एक खुर्ची नाही. खाली फोन केला. उत्तर आले की कार्डात चेक-आउटची वेळ भरलेली असते, ती उलटली की कार्ड आपोआप बंद पडते; तुमचे बुकिंग सिस्टममध्ये आठवड्या-आठवड्याचे आहे, खाली येऊन रिन्यू करून घ्या. म्हणजे महिन्याचे पैसे आगाऊ भरलेल्या माणसाला त्यांची यंत्रणा दर रविवारी अकरा वाजता पाहुणा म्हणून निरोप देत होती. मी खाली जाऊन येईपर्यंत हाउसकीपिंगच्या मावशींनी शेजारच्या स्टोअरमधून प्लास्टिकचे स्टूल आणून आईला बसवले होते आणि तिच्या पायाखाली उशी ठेवली होती. त्या हॉटेलात रुग्ण म्हणजे काय हे कळणारी ती एकच व्यक्ती होती, आणि तिला विचारून कोणताही निर्णय होत नसावा.

धुळ्याला परतल्यावर मी या प्रकारच्या हॉटेलांची मूळ कल्पना कुठून आली ते शोधून वाचले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात १९७५ मध्ये जॅक डिबोअर यांनी ‘रेसिडेन्स इन’ सुरू केले. पुढे १९८७ मध्ये मॅरियटने ती साखळी घेतली. डिबोअर हे हॉटेलवाले नव्हते, अपार्टमेंट बांधणारे होते, हा तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिथे घर कसे चालते हे ठाऊक असलेल्या माणसाने घराला हॉटेलची सेवा जोडली. आमच्या वाट्याला आले ते उलटे: तीच रात्रीच्या भाड्याची खोली, तेच रात्रीचे सॉफ्टवेअर, तोच मिनीबार, आणि कोपऱ्यात दोन फुटांचा दगडी ओटा. ओटा बसवायला पैसे लागतात. महिनाभर राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो हे समजून घ्यायला पैसे लागत नाहीत, पण ते कोणी केले नव्हते.

बिलाबद्दल थोडक्यात. ऑनलाइन दिसलेला दर कराशिवायचा होता, ते ठीक. पण अंदाजपत्रकात जीएसटी १२ टक्के लावला होता. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीभाड्यावर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, हे दाखवून दिल्यावर ‘जुना फॉरमॅट राहून गेला’ म्हणून दुरुस्ती झाली. जेवणाच्या बिलांत सेवाशुल्क आपोआप जोडलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलांना ते असे परस्पर लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना ग्राह्य धरल्या आहेत. तेही काढायला लावले, मात्र दर वेळी नव्याने सांगावे लागले, कारण प्रत्येक पाळीला रिसेप्शनवर नवा मुलगा असे आणि प्रत्येकाला मी आजच आलेली पाहुणी वाटत असे. महिना होत आला तरी रोज संध्याकाळी ‘वेलकम मॅडम, चेक-इन?’ हा प्रश्न मला विचारला जाई.

आईच्या दुसऱ्या गुडघ्याचे ऑपरेशन पावसाळ्यानंतर करायचे आहे. त्यासाठी इंदिरानगरमध्ये मामेभावाच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याच्या बंगल्यातल्या तळमजल्याच्या दोन खोल्या आताच सांगून ठेवल्या आहेत. गॅस आहे, गीझर आहे, खिडक्या उघडतात, मोठा फ्रिज आहे. काकूंनी पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हता. ‘आईंना कमोडला बाजूची दांडी लागेल का, तर आत्ताच बसवून घेते’ असे त्या म्हणाल्या. हॉटेलच्या निम्म्या पैशांत ही सोय होते आहे. ओळख नसती तर मात्र ती झाली नसती, आणि नंदुरबारहून आलेल्या, नाशिकमध्ये कोणी नसलेल्या माणसाला याच पाट्यांच्या मागे जावे लागणार, हे वाईट आहे.

अशा कोणी मला विचारले तर मी एवढेच सांगते की ‘किचन आहे का’ असे विचारू नका, ‘त्यात शेवटचे कोणी काय शिजवले’ ते विचारा. खोली सकाळी नव्हे, दुपारी बारा वाजता पाहायला जा आणि गरम पाण्याचा नळ सोडून बघा. फ्रिजमध्ये बर्फ होतो का ते पाहा. शनिवार-रविवारी खोली बदलावी लागणार नाही, हे व्यवस्थापकाकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. आणि लिफ्टपर्यंत स्वतः चालत जाऊन पायऱ्या मोजा.

डिपॉझिट सात ते दहा कामकाजाच्या दिवसांत परत येणार होते. आले ते कमी आले. त्यातून ‘कढई, ॲल्युमिनियम, एक नग, काळी पडली’ असे कारण देऊन पैसे कापले आहेत. जी कढई त्यांच्या शेगडीवर तापतच नव्हती ती काळी कशी पडली, असा ई-मेल मी पाठवला आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रारही नोंदवली आहे. हॉटेलकडून अजून उत्तर आलेले नाही.